झाकण उघडं होतं

"श्वास थांबला! ऐका, कान देऊन ऐका! पंखा फिरतोय का?"

नव्हता फिरत. जुन्या गोदामाच्या त्या हॉलमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती, तरी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मंचावर प्राणबाबा. त्यांच्यासमोर टेबलावर लॅपटॉप, झाकण सताड उघडं, पडदा काळाठिक्कर. कळफलकाच्या कडेवर त्यांनी पंजा ठेवलेला, मनगटात जाडजूड कडं. लॅपटॉप त्यांचा नव्हता. औषधं विकत फिरणाऱ्या एका माणसाचा होता, आणि तो बिचारा खालून आ वासून बघत होता. हप्ते अजून चालू असावेत.

"मेलं का यंत्र? नाही! त्याचा प्राण माझ्या मुठीत आहे. आता सोडतो. ऊठ रे राजा!"

बाबांनी हात वर उचलला. पडदा उजळला. पंखा घुरघुरला. मघाशी उघडं होतं तेच पान जसंच्या तसं समोर आलं. टाळ्यांनी पत्रे हादरले.

"आता मला सांगा," बाबा म्हणाले, "मेंदू म्हणजे काय? ओली वायरिंग! झटके का येतात? शॉर्टसर्किट! डॉक्टर काय करतात? वायरीला वरून रंग लावतात. मी मूळ करंटच बदलतो. एकदा झोपवायचं, एकदा उठवायचं. खलास!"

लोक हसले, रडले, हात जोडले. पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण बसली होती. मांडीवर तिची मुलगी, मुंगी. लहानपणी भिंतीच्या कडेकडेने तुरुतुरु चालायची म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. ताई हसत नव्हती, रडतही नव्हती. तिचे डोळे त्या हातावर खिळले होते. बुडणारा माणूस दोरीकडे बघतो तसे.

मुंगीला फेफरं होतं. गोळ्यांनी झटके कमी झाले होते, पण थांबले नव्हते. आणि गोळ्यांनी ती पेंगायची. वर्गात मान टाकायची, आणि मधल्या सुट्टीत पोरं तिच्यासारखं थरथरून दाखवायची. ताईच्या घरात न्हाणीघराला आतून कडी नव्हती, तिनं ती स्वतः उखडून काढली होती. टेबलांच्या कोपऱ्यांना शिवणातून उरलेल्या चिंध्यांच्या गाद्या बांधल्या होत्या. ताई कपडे शिवायची. मशीन चालवतानाही तिचा एक कान शेजारच्या खोलीत असायचा. भावजी बोटीवर कामाला, महिनोन्महिने समुद्रात. असं वर्षानुवर्षं जगून बघा आणि मग ताईला भोळी म्हणा.

मी शाळेत संगणक शिकवते. आमच्या खोलीतली यंत्रं लोकांनी टाकून दिलेली. त्यांच्यावर मी यंत्र चालवणारी, मोफत मिळणारी, खुली प्रणाली घालते. खुली म्हणजे तिच्या पोटात काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं, पटलं नाही तर बदलता येतं. जगभरच्या लोकांनी मिळून ती लिहिली आहे. बिघडते, छळते, पण लपवत काही नाही. त्यामुळे प्राणबिण कुणी काढून घेतं यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं.

"ताई, तो लॅपटॉपवाला त्यांचाच माणूस असणार," घरी येताना मी म्हटलं.

"मग तू तुझा घेऊन ये," ताई म्हणाली. "तुझा तर त्यांच्या माणसाचा नाही ना?"

पुढच्या सभेला मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. त्यातली प्रणाली मी माझ्या हातानं घातलेली. मनात म्हटलं, आज बाबांचं पितळ उघडं पाडते. मंचावर चढले, यंत्र सुरू करून ठेवलं. बाबांनी माझ्याकडे बघून गोड हसून घेतलं आणि पंजा ठेवला.

पडदा काळा झाला.

हात उचलला. पडदा उजळला.

"बाई शिक्षिका आहेत," बाबा माइकमध्ये म्हणाले, "शिकलेल्या आहेत. शिकलेल्याच्या यंत्राचा प्राणसुद्धा माझ्या मुठीत मावतो. मग समोर बसलेल्या त्या पोरीच्या आजाराची काय कथा? गोळ्या बंद करा. दोन करंट एका वायरीत चालत नाहीत!"

हॉल हसला. मी तोंडात मारल्यासारखी खाली उतरले. त्यांचं पितळ राहिलं बाजूला, माझीच शोभा झाली. ताईनं त्याच संध्याकाळी गोळ्यांची पाकिटं मोरीत रिकामी केली. मी हात धरला तर म्हणाली, "तू म्हणतेस फसवणूक आहे. मग सांग ना, कशी करतो? तुझ्या डोळ्यांदेखत, तुझ्याच यंत्रावर. सांग!"

"मला माहीत नाही" यापलीकडे प्रामाणिकपणे काही म्हणता येत नव्हतं, आणि बुडणाऱ्या माणसाला "मला माहीत नाही" काय कामाचं?

मी यंत्राच्या मागे लागले. बॅटरी बदलून पाहिली. तापतंय का पाहिलं. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. शेवटी सगळी प्रणाली पुसून नव्यानं घातली. यंत्र ठणठणीत. शाळेत दिवसभर चालायचं, एकदाही डोळा मिटायचं नाही. बाबांचा हात लागला तरच झोपायचं. एका दुपारी रिकाम्या वर्गात बसून मी स्वतःलाच विचारलं, खरंच काही असेल का त्यात? त्या प्रश्नाची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो. ताईला कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

सुरुवातीचे काही दिवस मुंगी खरंच टवटवीत दिसली. गोळ्यांची पेंग उतरली होती. ताईनं सगळ्या शेजाराला सांगितलं. आणि मग एका सकाळी, वेणी घालून घेताना, मुंगी आरशासमोर ताठ झाली. झटका आला तो थांबेना. एक ओसरतोय म्हणेपर्यंत दुसरा. मधे शुद्ध नाही. ओठ निळे. मी पोचले तेव्हा ताई तिला कुशीवर धरून एकच शब्द ओरडत होती. "ऊठ! ऊठ! ऊठ!"

दवाखान्यात इंजेक्शनं दिल्यावर झटके थांबले, पण मुंगी डोळे उघडेना. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, आवाज न चढवता बोलत होत्या.

"गोळ्या कधी बंद केल्या?"

ताईनं मुंगीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"ओरडायला नाही विचारत. मला उपचारासाठी कळायला हवं. एकदम बंद केल्या की झटके असेच उसळून येतात."

मीच सांगितलं. ताईनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मान खाली घातली. बाई गेल्यावर ती म्हणाली, "तू त्यांना आव्हान दिलंस. म्हणून झालं हे. माझी श्रद्धा कमी पडली आणि तुझी जीभ जास्त चालली. मी त्यांना इथे घेऊन येणार आहे. पाया पडेन, पण आणेन."

"ताई, अगं..."

"तुझ्याकडे दुसरं काही आहे?"

नव्हतं.

तिचे आणि मुंगीचे कपडे आणायला मी तिच्या घरी गेले. आरशासमोर कंगवा तसाच पडला होता, त्यात केस. मला पुढे जाववेना. शिवणाच्या टेबलापाशी बसले. भावजींना निरोप धाडायचा होता, म्हणून कापडाचे तुकडे आणि टाचण्या बाजूला सारून पिशवीतला माझा लॅपटॉप उघडला. काय लिहायचं सुचेना. दोन शब्द लिहिले आणि पडदा काळा झाला.

इथे बाबा नव्हते. कुणीच नव्हतं. मी घाबरले, खरंच घाबरले. मग चिडले. यंत्र उचलून जवळ ओढलं, आणि ते जागं झालं. पुन्हा होतं तिथे ठेवलं. झोपलं. उचललं. जागं.

बिघाड शोधताना माझा एकच नियम असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. टेबलावरचा कपडा काढला. फरक नाही. कात्री हलवली. फरक नाही. मग यंत्राच्या कडेलगत पडलेली एक चपटी डबी उचलली. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला ताई वापरते ती. तिच्या तळाशी लोहचुंबक असतं. डबी दूर नेली, पडदा उजळला. कडेला आणली, काळा. दूर, उजेड. जवळ, अंधार.

मी रडले की हसले, आता आठवत नाही.

लॅपटॉपच्या झाकणात एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा एक इवलासा संवेदक. झाकण मिटलं की चुंबक जवळ येतं, संवेदक सांगतो "मिटलं", आणि प्रणाली यंत्राला झोपवते. झाकण उघडलं की जागं करते. तुम्ही दुसरं चुंबक तिथे आणलंत, तर झाकण उघडं असूनही यंत्राला वाटतं मिटलं. मी इतके दिवस बिघाड शोधत होते आणि बिघाड नव्हताच! यंत्र गुणी बाळासारखं सांगितलेलं ऐकत होतं. फक्त सांगणारा खोटारडा होता. आणि म्हणूनच बाबा कुणी आणलेल्या फोनला "उथळ जीव" म्हणून परत करायचे, घरातल्या मोठ्या संगणकाला "जड देह" म्हणून हातही लावायचे नाहीत. झाकण नाही, तिथे चमत्कार नाही.

खुल्या प्रणालीत हा हुकूम एका साध्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. झाकण मिटलं तर काय करायचं? तिथे लिहिलं होतं, झोप. मी तो शब्द पुसून लिहिलं, दुर्लक्ष कर. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि डबी कडेला टेकवली. पडदा हललाही नाही.

दवाखान्यात गेले तर ताई तिथे नव्हती. मुंगीशेजारी परिचारिका बसली होती. "आई कुणाला तरी आणायला गेल्यात," ती म्हणाली. मी धावतच गोदाम गाठलं. ताई मंचाच्या पायरीवर डोकं टेकून बसली होती आणि बाबा माइकवर सांगत होते, "या माउलीच्या घरात शंका शिरली, आणि शंका म्हणजे गंज!"

"बाबा," मी मंचावर चढत म्हटलं, "तो गंज आलाय. माझ्या यंत्राला एकदा पुन्हा झोपवा. मग मीही पाया पडते."

लोकांत कुजबुज झाली. बाबांना नाही म्हणता येईना. त्यांनी पंजा ठेवला. पडदा लख्ख. पंजा सरकवला, कडं घासलं. लख्ख. कपाळावर घाम आला.

"आज... आज या यंत्रातच प्राण नाही!"

"मग चालतंय कशावर?" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या यंत्रात काय बदललंय ते मी आत्ता सगळ्यांना उघडून दाखवते," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं कडं उघडून दाखवता?"

त्यांनी हात पाठीमागे नेला. मी त्यांच्या मागे लागले नाही. पिशवीतून डबी काढली, खाली उतरले आणि ताईच्या हातात दिली. रांगेतल्या एका माणसानं बाबांपुढे ठेवायला आपला लॅपटॉप आणला होता. तो मी तिच्यासमोर धरला.

"ताई, इथे कडेला धर. बघ, झोपेल."

"ही... ही माझी टाचण्यांची डबी आहे."

"हो. धर."

तिनं धरली. पडदा काळा झाला. उचलली. उजळला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा. पुन्हा. मला वाटलं होतं तिला सुटल्यासारखं वाटेल. पण तिचा चेहरा पांढरा पडत गेला. दोरी तुटली होती, आणि खाली काय आहे ते तिला आता दिसत होतं.

ती उठली, मंचाजवळ गेली. ओरडली नाही. "हा खेळ करायचा तर करायचा होता," ती म्हणाली. "पोट भरायचे शंभर धंदे आहेत. पण गोळ्या का बंद करायला सांगितल्या? माझ्या पोरीच्या गोळ्यांनी तुमचं काय बिघडत होतं?"

बाबा मंचाच्या मागच्या बाजूला सरकले. दोघातिघांनी त्यांचं मनगट धरलं, कडं काढून टेबलावर आपटलं. त्याचा पत्रा फाटला, आतून काळी चपटी चुंबकं विखुरली आणि एकमेकांना चिकटली. तरीही जाताना एक म्हातारे गृहस्थ म्हणालेच, "आजचा दिवसच वाईट होता हो, नाहीतर बाबांची शक्ती खरी आहे." चमत्कार मेला तरी त्याची गरज मरत नाही.

मुंगीनं डोळे उघडले ते पुढे काही दिवसांनी. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, डॉक्टरीण बाईंनी त्या बदलून दिल्या, पेंग थोडी कमी आहे. झटके पूर्ण थांबतील असं बाईंनी सांगितलेलं नाही. बोलताना तिला मधेच शब्द सापडत नाही. "ते... ते..." म्हणत हवेत हात फिरवते, आणि ताई थांबते. शब्द पुरवत नाही, नुसती थांबते. कधी सापडतो, कधी नाही. पूर्वी आम्हाला गप्प बस म्हणावं लागायचं, इतकी ती बोलायची.

परवा तपासणीला गेलो तेव्हा ओसरीत एक बाई बसली होती. मांडीवर मुलगा, हातात कसल्याशा पाण्याची बाटली. नजर हरवलेली. ताईनं तिच्याकडे पाहिलं आणि मला थांबायची खूण करून तिच्या शेजारी जाऊन बसली.

"बाटली असू दे हो," ताई म्हणाली. "मी काही म्हणत नाही. मला फक्त एक सांगा, याच्या गोळ्या चालू आहेत ना?"

बाई बाटली घट्ट धरून बसली.

"कुणीही सांगू दे, कितीही मोठं काही करून दाखवू दे. समजलं नाही तर म्हणा, समजलं नाही. समजलं नाही म्हणजे खरं आहे असं नसतं. ज्याला विचारलेलं चालत नाही त्याच्यापासून उठून या. आणि गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका. माझ्याकडे बघा. थांबवू नका."

त्या बाईनं मान वर केली.

"कालपासून दिली नाही," ती म्हणाली.

ताईनं तिचा हात धरला, तिला उठवलं आणि रांग मोडून थेट डॉक्टरीण बाईंच्या दारात नेऊन उभं केलं.