चौथ्यांदा नळी

आजींनी नाकातली अन्नाची नळी तिसऱ्यांदा उपसून काढली होती आणि त्यांचा मुलगा डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर तणतणत उभा होता.

"परत घाला. आत्ताच्या आत्ता!"

वॉर्डात या डॉक्टरीणबाईंना 'दोन मिनिटवाल्या' म्हणत. नळी घालायला त्यांना तेवढाच वेळ लागे, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. पेशंटचं गिळणं थांबलं की नळी, हा तिथला शिरस्ताच. आजींसारखा स्मृतिभ्रंश अगदी शेवटाला आलेला असला तरी तोच. नातेवाइकांशी तासभर बोलण्यापेक्षा दोन मिनिटं सोपी, नाही का?

या खेपेला तर आजींच्या हातांना जाड मोजे चढवून मनगटं खाटेच्या दांड्याला बांधली होती. पण आजींचा जन्म शिवणकामात गेलेला. पोटच्या मुलाला त्या ओळखत नव्हत्या, गाठ मात्र बरोबर ओळखली. एका हाताची दातांनी सोडवली, मोजा ओढून काढला आणि नळी बाहेर!

"दुहेरी गाठ मारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. केस पांढरे झाले तरी जिभेची धार कायम होती. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं.

"मॅडम, या अवस्थेत नळीनं आयुष्य वाढत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं? छातीतला जंतुसंसर्ग टळत नाही, पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमा भरत नाहीत. मग घालायची कुणासाठी?"

"उद्या हा माणूस गावभर करेल, आईला उपाशी मारलं म्हणून! तक्रार माझ्या नावावर येईल, सिस्टर."

"म्हणजे आजींचे हात तुमच्या तक्रारीच्या भीतीपायी बांधलेत."

डॉक्टरीणबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या ट्रे उचलून खाटेपाशी गेल्या. नळी दिसताच आजींनी मान फिरवली, ओठ घट्ट मिटले आणि डोळे गच्च बंद केले. डॉक्टरीणबाईंचा हात तिथंच थांबला. असे मिटलेले ओठ त्यांनी आजवर किती पाहिले होते, आणि किती वेळा न पाहिल्यासारखं केलं होतं! त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ट्रे सिस्टरांच्या हाती दिला.

"मी नळी घालणार नाही," डॉक्टरीणबाई मुलाला म्हणाल्या.

"काय? उपाशी मारणार तिला?"

"बसा जरा. तुमची आई खात नाही म्हणून चाललेली नाही हो. ती चाललीय, म्हणून खात नाही."

मुलगा स्टुलावर बसला. म्हणाला, "मी ताट अर्धं टाकून उठलो तर ही दारापर्यंत घास घेऊन यायची. आणि मी आता हात बांधून बघत बसू?"

"हात तर तिचे बांधलेत. ते सोडा. ओठ ओले ठेवा, जवळ बसा, घेईल तेवढं चमच्यानं भरवा. ठसका लागेल, दिवसही थोडेच असतील. तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

त्यानं दुसऱ्या हाताची गाठ सोडवली. सिस्टरांनी सफरचंदाचा मऊ गर आणला. आजींनी एक चमचा घेतला, मग दुसरा. तिसऱ्याला ओठ मिटले. सवयीनं त्यानं चमचा पुढं रेटला... आणि मागं घेतला.

"पुरे का, आई?" त्यानं विचारलं आणि वाटी खाली ठेवली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

वाचकहो, आपल्या माणसाला भरवणं ही माया आहे. पण आपली भीती त्याच्या घशाखाली उतरवणं ही माया नव्हे. घरात सगळे धडधाकट आहेत तोवरच एकदा एकमेकांना विचारून ठेवा, की शेवटी तुला काय हवं, काय नको. आणि विचारायचं राहूनच गेलं असेल, तर मिटलेल्या ओठांचं तरी ऐका!