उसना आवाज

नणंद लग्न होऊन सासरी गेली त्या वर्षी, १९६६ च्या शरदात, मी सासूबाईंचा हात धरून कोरियातल्या आमच्या कुनसान गावच्या थिएटरात शिरले. त्यांची नजर गेली होती. त्या बघायला नाही, ऐकायला आल्या होत्या.

माझे यजमान मान-शिक सिनेमात घोड्यावरून पडायचं काम करीत. गावाजवळच्या लष्करी तळावरच्या गोऱ्या शिपायांसाठी येणारे अमेरिकन काउबॉय सिनेमे कुंपणाबाहेरून बघून ते तसं चालायला आणि पडायला शिकले. शेजारची बोक-सून मावशी म्हणायची, भात आपला खातो आणि चालतो टेक्सासात. त्या वसंतात चित्रीकरण चालू असताना ते सोलजवळच्या वाळूत पडले ते उठलेच नाहीत. बाहेर मेलेल्या माणसाला घरात आणत नाहीत. परस्पर टेकडीवर नेऊन पुरलं.

त्यांच्या या शेवटच्या सिनेमात मरताना त्यांच्या तोंडी एक वाक्य होतं, असं कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून सासूबाईंनी ध्यास घेतला होता.

पडद्यावर ते घोड्यावरून कोसळले. जवळून चेहरा दिसला. ओठ हलले. "आई, मी आलो गं," असा भरदार, सोलच्या धाटणीचा आवाज थिएटरभर घुमला.

सासूबाईंनी माझं मनगट आवळलं. "तोंड त्याचंच का?"

"त्यांचंच, आई."

"मग आवाज कुणाचा?"

मी ऐकलेलं सांगितलं. चित्रं अमेरिकेसारखी काढतात, पण आवाज तिथल्या तिथे धरायची यंत्रं आपल्याकडे नाहीत. मागाहून खोलीत बसून दुसरीच माणसं बोलतात.

त्यांनी माझं मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो बोलला होता. कुणी ऐकलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिडी लावून छपरावर चढवलं. माणूस गेला की त्याचा कपडा उत्तरेकडे हलवून तीनदा नावानं हाक मारायची, जिवाला परत बोलवायचं. आमच्याकडे ते राहून गेलं होतं. सिनेमाच्या कंपनीनं पाठवलेल्या बोचक्यात झालरीचं कातडी जाकीट होतं. पडले तेव्हा अंगावर तेच होतं. मी ते हलवलं.

बोक-सून मावशी भिंतीपलीकडून म्हणाली, "अगं, सहा महिने झाले. आणि ते जाकीट बघून एखादा गोराच यायचा." पण बोलता बोलता तिनं डोळे पुसले.

माझ्या तोंडून नाव फुटेना. शेवटी खालून, अंगणातून, सासूबाईंनीच हाका मारल्या. मग कान देऊन उभ्या राहिल्या. वाऱ्यावर जाकिटाची झालर फडफडत होती. मी म्हटलं, "आई, उतरू का?"

"थांब. पहिल्या अक्षराला अडखळतो तो, लहानपणापासून. जरा वेळ दे त्याला."

ऊन उतरेपर्यंत मी छपरावर उभी होते.

मान-शिक १९६६ च्या एप्रिलमध्ये गेले. सासूबाई पुढच्या वर्षी, भातकापणीच्या दिवसांत, घरातच गेल्या.