कागामी स्टेशनवरची हजेरी

शशिकांत मोडकांना वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पुन्हा कॅप्टन व्हायचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी आधी फोनच आपटला. हल्ली फोनवरून कोण कुणाला कधी टोपी घालेल, सांगता येतं का? पण पोरगी चिवट निघाली. दुसऱ्यांदा फोन करून तिने थेट मराठीतच सुरुवात केली. "काका, मी अन्वी. बेसिंगस्टोकच्या स्टुडिओतून. मी स्कॅमर नाही, प्रॉमिस!"

मग उलगडा झाला. पंच्याऐंशी साली 'कागामी स्टेशन' नावाची एक जपानी कार्टून मालिका इंग्रजीत आली होती. अंतराळात भरकटलेलं एक स्टेशन, त्यावर एक कॅप्टन आणि त्याची पाच माणसं. तिचं डबिंग लंडनमधल्या एका तळघरात झालं आणि कॅप्टनचा आवाज होता आपल्या मोडकांचा. नाटकाच्या वेडापायी पुण्याहून आलेले आणि पोटापाण्यासाठी पोस्टात टपाल निवडणारे मोडक! डायरेक्टरच्या जिभेवर जपानी नावं काही केल्या बसेनात, म्हणून त्याने आवाज देणाऱ्यांचीच नावं पात्रांना देऊन टाकली. डेरेक, बेंजामिन, ऑलिव्ह, एलियट आणि आशा. प्रत्येक भागाच्या शेवटी कॅप्टन हजेरी घ्यायचा. तो नाव पुकारायचा आणि ज्याचं त्याने "प्रेझेंट, कॅप्टन" म्हणायचं. यादीतली शेवटची आशा पुढे मिसेस मोडक झाली.

आता ती मालिका नव्या मुलांसाठी नव्याने काढायची होती. नव्या कथेत चाळीस वर्षं उलटली आहेत, स्टेशनवर कॅप्टन एकटाच उरलाय आणि तरीही रोज हजेरी घेतोय. एक नाव, दोन सेकंद शांतता, मग पुढचं नाव. उत्तर कुणीच द्यायचं नाही.

"जुने टेप्स सगळे हरवला, काका," अन्वी म्हणाली. तिचं मराठी घरातल्या घरात शिकलेलं, चालताना मध्येच ठेचकाळणारं. "पण फॅन्सना तुमचीच आवाज पाहिजे."

फॅन्सशी मोडकांना काय देणंघेणं? ते तयार झाले ते बायकोसाठी. गेल्या ऑक्टोबरात आशाताईंना स्ट्रोक आला आणि तेव्हापासून, आठ महिने झाले, त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. खिडकीपाशी खुर्चीत बसायच्या, भरवलं की जेवायच्या, बघत राहायच्या. स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती, एखादं जुनं गाणं, एखादी ओळखीची हाक कधीकधी बंद दार उघडून देते. आणि हाकेची तर इथे गंमतच होती. चाळीस वर्षांच्या संसारात मोडकांनी बायकोला नावाने हाक म्हणून मारली नव्हती. अगं, ऐकलंस का, फार तर सरकार! घरच्या वडीलधाऱ्यांसमोर नाव घ्यायची लाज, ती पुढे जन्माची सवय झाली. 'आशा' असं त्यांच्या तोंडून तिने ऐकलं ते फक्त त्या तळघरात. स्ट्रोकनंतर त्यांनी घाबरत घाबरत नावाने हाक मारून पाहिली, नाही असं नाही. ती नुसती बघत राहिली. तो म्हाताऱ्याचा घोगरा आवाज होता, कॅप्टनचा नव्हता. स्टुडिओवाले म्हणे कॉम्प्युटरवर आवाज पुन्हा तरुण करणार होते. टीव्हीवर ती हाक ऐकून तिचं तोंड उघडलं तर? एक शब्द तरी. त्या एका शब्दासाठी हा माणूस देव पाण्यात घालून बसला होता.

जूनमधल्या एका मंगळवारी, वॉटफर्डच्या घरी आशाताईंना केअरर सुलक्षणाच्या हवाली करून, क्लॅपमला गाडी बदलून मोडक बेसिंगस्टोकला पोहोचले. बिझनेस पार्कातली काचेची इमारत, आत गालिचा लावलेली मुकी खोली. अन्वीने कानांवर हेडफोन चढवले, वीस पानी संमतीपत्र पुढे केलं. मोडकांनी न वाचता सही ठोकली. वाचायला चष्मा कुठे होता? कॅप्टनची वाक्यं अन्वी सांगत गेली, मोडक म्हणत गेले आणि शेवटी हजेरी आली.

"डेरेक," मोडक म्हणाले.

"प्रेझेंट, कॅप्टन," हेडफोनमध्ये उत्तर आलं.

जुना आवाज कुठूनतरी मिळवलेला दिसतोय, मोडकांना वाटलं. बरं वाटलं त्यांना. डेरेकला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

"बेंजामिन."

"हजर आहे रे, शश्या," उत्तर आलं आणि पाठोपाठ तो ओला खोकला.

बेंजामिन सातामकर म्हणजे अलिबागकडचा बेने इस्राएली ज्यू, त्यांचा जिवाभावाचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी याच मोडकांनी त्याच्या कबरीवर तीन फावडी माती लोटली होती. पंच्याऐंशीचा बेंजामिन खणखणीत बोलायचा. हा खोकला शेवटच्या आजारपणातला होता, हॉस्पिटलच्या खाटेवरचा. तो कुठल्या टेपवर असणार?

तोंडाला सवय वाईट. ते पुढची नावं घेत गेलं. ऑलिव्ह, कॅन्सरने गेलेली, तिने उत्तर दिलं. एलियटने दिलं. पाचव्या नावाला मात्र मोडकांनी हात वर केला.

"अन्वी, बाळ, ही उत्तरं कसली ऐकवतेस मला?"

"कसली उत्तरं?" ती काचेपलीकडून म्हणाली. "हेडफोनमध्ये काहीच नाही पाठवत मी. हे बघा." पडद्यावर मोडकांच्या प्रत्येक नावाचा हिरवा डोंगर उठला होता आणि दोन डोंगरांमध्ये सरळ, सपाट रेघ होती.

मोडक पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले. मनाला समजावत होते की म्हातारपणी कान वाजतात, त्यात काय एवढं? शिवाय एलियट जिवंत होता की! केंब्रिजला लेकीजवळ राहायचा, दर नाताळला कार्ड धाडायचा. मेलेलेच उत्तर देत असते तर एलियट कसा बोलला असता? या एका विचाराने त्यांना हायसं वाटलं आणि त्यांनी खातरजमा म्हणून केंब्रिजला फोन लावला.

फोन एलियटच्या लेकीने, ईडनने घेतला. "ओह, शशी अंकल," ती म्हणाली. "तुम्हाला आज कळवणारच होते. डॅड रविवारी गेले. झोपेतच."

मोडक व्हेंडिंग मशीनला टेकून उभे राहिले. म्हणजे ज्याने ओ दिली तो गेलेला, असा सरळ हिशेब होता. यादीत आता एकच नाव उरलं होतं आणि ते वॉटफर्डच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसलं होतं. ते पुकारायचं आणि त्या दोन सेकंदांत तिचा आवाज आला तर?

साडेतीनला ते तरातरा आत गेले. "शेवटचं नाव मी घेणार नाही. काय वाटेल ते होवो."

"इट्स फाइन, काका!" अन्वी हसली. खरंच गोड मुलगी होती, म्हणून तर जास्त भीती वाटली. "तुम्ही दमला असाल. तुम्ही साइन केला ना, आम्ही तुमच्या बाकीच्या वाक्यांतून बनवू शकतो. बनवलं पण. ऐका."

मोडक 'नको' म्हणेपर्यंत स्पीकरमधून तिशीतल्या शशिकांत मोडकांनी हाक मारली होती. "आशा." स्वच्छ, भरदार आणि किती मायेची! त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं की त्या वयात ते असं हाक मारत असतील.

एक सेकंद गेला, मग दुसरा. मोडकांनी श्वास रोखून धरला होता. काहीही आलं नाही. तिसराही सेकंद कोरा गेला. ती आहे, ती घरी आहे, या आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी मनाच्या तळाशी कुणीतरी हळहळलं की आवाज ऐकायचा राहिला. स्वतःच्या त्या हळहळीची त्यांना एवढी शरम वाटली की अन्वीचा निरोपही न घेता ते निघाले.

घराचं दार सुलक्षणाने उघडलं. देवगडकडची बाई, बोलायला फटकळ, पण आशाताईंना लेकीच्या मायेने सांभाळायची. आज तिचा चेहरा उतरला होता.

"काका, रागावू नका. मी काकूंच्या तोंडावर हात ठेवला आज."

"म्हणजे?"

"साडेतीनच्या सुमाराला काकू एकदम ताठ बसल्या. मान वळवली, कुणी मागून हाक मारल्यासारखी. ओठ उघडले, गळ्यातून आवाज फुटणार एवढ्यात मी तोंड दाबलं. घरात कुणी नव्हतं, काका. रेडिओ नाही, टीव्ही नाही. आमच्यात सांगतात, हाक मारणारा दिसत नसेल तर ओ द्यायची नाही. दिली की तो घेऊन जातो." मग तिचा स्वर कापला. "आठ महिन्यांनी बोलणार होत्या हो. माझ्यामुळे राहिलं."

मोडकांनी त्या बाईसमोर हात जोडले. तिला कळेना, हा माणूस रडतोय की आभार मानतोय.

त्यांनी अन्वीला फोन केला. विनवण्या केल्या, ओरडले, वकिलाची भाषा केली. 'आशा' तेवढं काढून टाक, म्हणाले. ती बिचारी गोंधळली. "काका, तोच तर बेस्ट पार्ट आहे. रूममध्ये सगळे रडले. हजेरीचीच ओपनिंग आहे आणि ती लॉक झाली, आता चेंज नाही होणार." आणि हळूच म्हणाली, "तुम्ही साइन केला होता ना."

सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाला मालिका जगभर एकदम सुरू होणार होती. मोडकांनी तयारी केली. टीव्हीची वायर काढली, वायफाय बंद केलं, फोन उशीखाली कोंबला, सुलक्षणाला थांबवून घेतलं. दारं, खिडक्या सगळं लावून घेतलं. बाहेर अजून छान ऊन होतं आणि आशाताई खिडकीपाशी बसून ते बघत होत्या.

सहा वाजून चार मिनिटांनी शेजारच्या फ्लॅटमधून, भिंतीआडून, मोडकांचा तरुण आवाज आला. "डेरेक."

कप टाकून मोडक धावले. बेंजामिन. ऑलिव्ह. त्या वयात कुणी धावू नये तसे धावले, कोचाला गुडघा आपटला. एलियट. पोहोचले आणि दोन्ही हातांनी बायकोचं तोंड दाबून धरलं.

"आशा," भिंत म्हणाली.

तळव्याखाली तिचे ओठ हलले. ऊन ऊन श्वास लागला, जीभ लागली. एक अख्खा शब्द तिच्या तोंडात तयार झालेला त्यांना हाताला कळला. त्यांच्याच हाकेला उत्तर होतं ते, त्यांच्यासाठीच होतं. तिने डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं. बोलताना मध्येच तोडलं की ती पाहायची तसं, रागाने.

"नको गं," मोडक हुंदके देत म्हणाले. "माझ्यासाठी गप्प राहा. बोलू नकोस, कधीच बोलू नकोस."

सुलक्षणा मागे येऊन उभी राहिली आणि काही न विचारता तिने आपलाही हात त्यांच्या हातावर ठेवला. दोन सेकंद गेले, संगीत सुरू झालं, आशाताईंचे ओठ शांत झाले. मोडकांनी हात काढला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी पहिला भाग लावला.