दीड मीटर

चौथा खिळा निघेना. गोपिकाने पहारीचं टोक पट्टीखाली सरकवलं, गुडघा टेकला आणि अंगाचा भार दिला, तेव्हा कुठे तो गंजका खिळा कुरकुरत वर आला. पांढरी रबरी पट्टी हातात आली. खालची माती ओलसर, काळी होती आणि तीत एक गांडूळ वळवळत होतं. गोपिकाने ते काडीवर घेतलं आणि कडेच्या गवतात नेऊन सोडलं. आज संकष्टी होती. आजच्या दिवशी तिच्या हातून जीव जायला नको होता.

नुकतं उजाडत होतं. अल्लीपूरच्या शाळेमागचं हे मैदान तिने रात्रीच पाणी मारून ठेवलं होतं. चौदा वर्षं ती या मैदानाची झाडलोट करत होती, फक्कीने रेषा आखत होती, आणि चौदा वर्षं ही पट्टी याच जागी होती. चेंडू टाकणारी पोरगी हिच्यावर पाय रोवते आणि समोरच्या पाटीजवळ उभ्या असलेल्या फलंदाजाकडे चेंडू फेकते. बेसबॉलच्या पुस्तकात लिहिलंय की पट्टीपासून पाटीपर्यंत अठरा मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर असावेत. इथे ते दीड मीटर कमी होते.

ही करामत बबनराव सरांची. क्रीडा मंडळाची स्थापना त्यांची, मैदानही त्यांनीच आखलेलं. त्यांच्याकडची मोजपट्टी सुरुवातीलाच तुटलेली होती. तुटल्या जागी कोणीतरी कडी बांधून दिली होती, आणि सरांनी ती कडी खुंटीला अडकवून आकडे वाचले. पहिला दीड मीटर मोजपट्टीत नव्हताच, हे त्यांनी पाहिलं नाही. मैदानाचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, सरांचा फोटो पेपरात आला. मग कोण कशाला मोजतो?

मंडळाचा पोरींचा संघ मात्र तेव्हापासून एक कोडं होऊन बसला होता. अल्लीपुरात सामना असला की जिंकायचा, आणि वर्धेला, हिंगणघाटला, कुठेही बाहेर गेला की पडायचा. जिल्ह्याची दुसरी फेरी या संघाने कधी पाहिली नाही. सर म्हणायचे, बाहेरचं पाणी पोरींना बाधतं. कधी पंचांवर ढकलायचे, कधी जागरणावर.

गोपिकाच्या रुपाला ते कळलं होतं. अकरा वर्षांपूर्वी वर्धेहून निवड चाचणी देऊन आली तेव्हा ती रडत नव्हती, विचारात पडली होती. आई, तिथलं अंतर लांब वाटलं, माझा चेंडू आधीच खाली बसत होता, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी गोपिकाने शेजारच्या शिंप्याकडून कापड मोजायची टेप आणली. ती दीड मीटरची. पुस्तकाप्रमाणे बारा वेळा टेप आणि वर चव्वेचाळीस सेंटिमीटर व्हायला हवं होतं. अकराच वेळा आणि वर चव्वेचाळीस झालं. तिने पुन्हा मोजलं, आणि पदराने हात पुसून सरांच्या ओसरीवर गेली.

तिथे पाचसात माणसं चहा पीत बसली होती. तिने हळूच सांगितलं. तिचा आवाज तसाही लहान. सरांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गोपिका, तू फक्की टाकत जा. मोजाचं माह्यावर सोड. तुह्या पोट्टीच्या हातात दम नाई, तं मैदान कायले लहान करतं?"

माणसं हसली. रुपा मागेच उभी होती, हे गोपिकाला नंतर कळलं. पुढच्या वर्षी रुपाचं नाव संघाच्या यादीत नव्हतं. तिने हातमोजा कोनाड्यात ठेवला तो परत काढला नाही. आता ती जामच्या चौरस्त्यावर एका ढाब्यावर पोळ्या लाटते.

त्या दिवशी गोपिकाने दोन गोष्टी केल्या. सुताची एक दोरी घेऊन शिंप्याच्या टेपने तिच्यावर बरोबर अठरा चव्वेचाळीसची गाठ मारली आणि ती दोरी देवाच्या पाटाखाली ठेवली. दुसरं, गणपतीपुढे बसून सांगितलं की ज्या माणसाने माझ्या लेकीला चारचौघांत खाली पाहायला लावलं, त्याची मान चारचौघांत खाली झुकेपर्यंत मी गोड खाणार नाही. तेव्हापासून तिच्या चहात साखर नाही, सणाला पुरणपोळी नाही. संकष्टीला मोदक करून ती गल्लीत वाटायची. बायकांना वाटायचं, रुपाच्या संसारासाठी नवस असेल. तिने कोणाला काही सांगितलं नाही. रोज पहाटे आंघोळ, एकवीस दुर्वा, अथर्वशीर्ष, मग मैदान. अकरा वर्षांत तिने एकदाही घाई केली नाही.

या वर्षी नव्या लीगवाल्यांची जाहिरात आली. आठ संघ होते. पोरी पाहून ते आळीपाळीने नावं उचलणार होते. त्याला ते ड्राफ्ट म्हणत. मोठ्या संघात कोणी लगेच घेणार नव्हतं, पण नागपूरच्या राखीव संघात नाव लागलं तरी राहणं-खाणं, शिकवणं आणि पुढची वाट मिळणार होती. बबनराव सरांची नात आचल सतरा वर्षांची होती आणि संघाची मुख्य गोलंदाज होती. सर नागपूरला चारदा जाऊन आले आणि निवड चाचणी अल्लीपूरलाच व्हावी असं ठरवून आले. घरच्या मैदानावर आपली आचल कोणाकडून हरत नाही, असं ते सगळीकडे सांगत होते.

ते ऐकलं त्या दिवशी गोपिकाने पाटाखालची दोरी काढली.

रक्षा तिला सापडली ती पाणी भरताना. गवंडीकाम करणाऱ्या मंगरूची ही मुलगी. आई भागीरथा मजुरीला जायची. रक्षा संघात होती, पण राखीव. तिला पट्टीवर उभं राहायला मिळायचंच नाही. गोपिकाने तिला शाळेच्या मागच्या पडीक जागेत नेलं, दोरी ताणली, दोन विटा ठेवल्या आणि रोज पहाटे साठ चेंडू टाकायला सांगितलं. पोरीने एकदाच विचारलं, "काकू, हे लांब नाई का?"

"लांबच राहते," गोपिका म्हणाली. "बोलजो नको कोनापाशी."

रक्षाचा चेंडू आचलइतका वेगाचा नव्हता. पण पाच महिन्यांत तो विटेवर पडायला लागला.

आज पट्टी दोरीच्या गाठीवर बसवून गोपिकाने चारही खिळे ठोकले. बाकीच्या खुणाही तिने दोरीनेच मोजून सरकवल्या. शेवटचं काम राहिलं होतं. जुन्या पट्टीपुढे एक खड्डा होता, आचलच्या डाव्या पायाने पाच वर्षांत घासून केलेला. त्यात तिने माती भरली, पाणी घातलं, धुमसाने ठोकली आणि वरून रोलर फिरवला. मग हातमोजे घालून फक्कीचं घमेलं उचललं. हातमोजेही आचलचेच होते. चुन्याने काकूंची बोटं फाटतात म्हणून तिने आपले जुने, फलंदाजीचे, आणून दिले होते.

हे ती विसरली नव्हती. आचल सहावीत असल्यापासून रोज सकाळी पळसाच्या पानात एकवीस दुर्वा आणि एक जास्वंद गुंडाळून गोपिकाच्या घराच्या भिंतीवर ठेवून जायची. आजही ठेवून गेली होती. गोपिकाने त्या दुर्वा वाहूनच पहार उचलली होती.

दहाच्या सुमारास नागपूरची गाडी आली. निवड करणाऱ्यांच्या प्रमुख नयन मॅडम होत्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मैदान मोजलेलं आहे ना एवढंच विचारलं. सर म्हणाले, मी स्वतः. त्यांचं लक्ष हारांकडे होतं.

आचल पट्टीवर गेली आणि पायाखाली पाहत राहिली. मग कडेला उभ्या असलेल्या गोपिकाजवळ आली. "काकू, माह्या पायाचा खड्डा कुठं गेला?"

"बुजवला. पाव्हने येऊन राह्यले ना."

आचलने मान डोलावली आणि परत गेली.

पहिला चेंडू पाटीच्या हातभर आधी टप्पा खाऊन गेला. दुसराही तसाच. तिसरा तिने जोर लावून टाकला तो झेलणारीच्या डोक्यावरून तारेच्या जाळीत जाऊन अडकला. वेग मोजायच्या यंत्रावर आकडा चांगला होता; नयन मॅडमनी तो दोनदा पाहिला. पण वीस चेंडूंत पाटीवरून गेले सहा, आणि त्यातले चार समोरच्या पोरींनी दूर मारले. आचल दर चेंडूनंतर आपला खांदा दाबून पाहत होती, जणू तो दुसऱ्याचा आहे.

रक्षाने वीसपैकी चौदा पाटीवरून काढले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे आचलकडे पाहत होते.

सर खुर्चीवरून उठून थेट मैदानात आले. "मॅडम, कोनं तरी पट्टी हालवली. हे अंतर माहं नाई."

नयन मॅडमनी आपली पोलादी टेप मागवली. एक टोक पाटीला लावलं, दुसरं पट्टीवर. "अठरा चव्वेचाळीस. बरोबर आहे, सर. आधी कुठे होती?"

गोपिका पुढे गेली आणि ताज्या मातीच्या ठिगळावर पायाचा अंगठा टेकवला. "इथं."

टेप पुन्हा ताणली गेली. मॅडमनी आकडा वाचला, पण मोठ्याने सांगितला नाही. किती वर्षं, असं विचारलं.

"चौदा," गोपिका म्हणाली. तिचा आवाज इतका खाली होता की ऐकायला माणसं जवळ सरकली. "अकरा वर्सामागं माह्या रुपाच्या ध्यानात आलतं. मी सरायले सांगतलं होतं. सर म्हनाले, पोट्टीच्या हातात दम नाई."

आता कोणी हसलं नाही. कुंपणाला टेकून जुन्या संघातल्या दोघी-तिघी उभ्या होत्या. त्यातल्या कमलाने कडेवरचं पोर खाली ठेवलं आणि ठिगळाकडे पाहत राहिली. तीही तीन वर्षं वर्धेला जाऊन हरून परत आली होती.

सरांनी खिशातून चष्मा काढला. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला ते खाली वाकले, एक हात गुडघ्यावर ठेवून, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस, घामाने चिकटलेली हाराची पाकळी गोपिकाने नीट पाहून घेतली. अकरा वर्षं तिने ही मान डोळ्यांपुढे आणली होती. ती अगदी तशीच होती.

पाहुणे गेल्यावर ती नळावर घमेलं धूत होती. आचल येऊन उभी राहिली. चेहरा धुतलेला होता.

"काकू, तुमाले मालूम होतं."

"हो."

"रक्षाले आंधीच सांगतलं होतं तुमी."

"हो."

सरांसाठी गोपिकाकडे अकरा वर्षांची उत्तरं होती. या पोरीसाठी एकच निघालं, आणि तेही पाण्याच्या आवाजात अर्धं गेलं. "तू त्यायची नात होय ना, बाई."

आचलने सायकलचं स्टँड काढलं. "मी तं दुर्वा आनत होती," ती म्हणाली आणि सायकल घेऊन निघून गेली.

संध्याकाळी निवडीची यादी फोनवर आली. आठही संघांनी नावं उचलून झाल्यावर अगदी शेवटी, नागपूरच्या राखीव संघासाठी, रक्षाचं नाव होतं. मंगरू आणि भागीरथा धावत आले. भागीरथाने पदराखालून गुळाचा खडा काढून गोपिकाच्या हातावर ठेवला, "ताई, तुमी गोड खात नाई मालूम हाये, पन देवापुढं तं ठेवा," म्हणाली आणि तिच्या पायांना हात लावून उभी राहिली. गोपिकाने गूळ देवापुढे ठेवला. नवस फिटला होता. आज चंद्र पाहून ती तो खाऊ शकत होती.

त्याआधी तिने रुपाला फोन लावला. मागून ट्रकचे हॉर्न, तव्यावर पोळी टाकल्याचा आवाज. गोपिकाने सगळं सांगितलं, पट्टी, टेप, वाकलेली मान. इतकं सलग ती कधी बोलली नव्हती.

पलीकडे तव्यावर दुसरी पोळी पडली. मग रुपा म्हणाली, "कोनती पट्टी व आई?"

गोपिकाने पुन्हा सांगितलं.

"हो, हो. ते होय. मी तं इसरून गेलती." कोणीतरी तिला हाक मारली. "आई, गिऱ्हाईक हाये, ठेवतो. तू जेवजो बरं."

चंद्र निघाल्यावर गोपिकाने भाकरी आणि वरण खाल्लं.

पहाटे आंघोळ करून ती दाराबाहेर आली. भिंत रिकामी होती. थोडा वेळ तिथे उभं राहून तिने स्वतःच मागच्या नालीकाठच्या दुर्वा खुडल्या. अठराच मिळाल्या. आत येऊन पाटावर बसली. गुळाचा खडा तसाच होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांची रांग देवापासून उंबरठ्यापर्यंत गेली होती, दोरी लावून आखल्यासारखी सरळ. गोपिकाने पाय आखडून घेतले आणि ती रांग न मोडता अथर्वशीर्ष म्हणायला लागली.