कोऱ्या कागदावरचा आत्मा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, उरलेली माणसं खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसली. ट्यूबलाइट बंद करून मंचावर एकच लाल दिवा लावला होता. त्या लाल उजेडात छायानंद महाराज एका इनॅमलच्या ट्रेपुढे मांडी घालून बसले होते.

"मोबाईल बंद करा!" महाराज गरजले. "मोबाईलमध्ये फोटो नसतो, माया असते. नुसते आकडे! काळ्याला गोरं करा, म्हाताऱ्याला तरुण करा. डिजिटल म्हणजे कलियुग. पण चांदी? चांदी खोटं बोलत नाही. पूर्वी फोटो चांदीवर उमटायचा, म्हणून आपले पूर्वज भिंतीवरून आपल्यावर लक्ष ठेवायचे. आज पूर्वज मोबाईलमध्ये अडकलेत. मी त्यांना सोडवतो!"

टाळ्या पडल्या. महाराजांचा चेला देवेश याने एक कोरा पांढरा कागद दोन्ही बाजूंनी लोकांना दाखवला. नुसता कोरा. महाराजांनी तो ट्रेमध्ये ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि तांब्यातलं तीर्थ हळूहळू त्यावर सोडलं.

कागदावर आधी एक करडी सावली आली. मग केस, भुवया, डोळे, टी-शर्टचा गळा. बघता बघता सर्वेश लोकांकडे पाहून हसू लागला.

"माझो झील!" त्याची आई अनुपमा किंचाळली आणि मंचाच्या कडेला डोकं टेकून ढसाढसा रडू लागली.

तिच्यामागे उभ्या असलेल्या श्रुतिकाच्या अंगावरही सरसरून काटा आला. सर्वेश तिचा धाकटा भाऊ. वर्षापूर्वी हायवेवर ट्रकने त्याच्या बाइकला उडवलं. तेव्हापासून आई जेवणापुरतीही धड उठत नव्हती. श्रुतिका मुलुंडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, असल्या बाबाबुवांवर वर्गात ताशेरे ओढायची. पण समोर पाण्यातून भाऊ वर आला तेव्हा सगळं रसायनशास्त्र विसरून तीही एक पाऊल पुढे सरकली. हात लावून बघावासा वाटला तिला.

म्हणूनच तिला तो चेहरा जवळून दिसला. आणि हनवटी दिसली. गुळगुळीत.

सर्वेशच्या हनवटीवर वण होता. लहानपणी जिन्यावरून पडला तेव्हा टाके पडले होते. तो गेल्यावर सोसायटीच्या पोरांनी श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी फोटो मागितला, तेव्हा श्रुतिकानेच मोबाईलच्या अ‍ॅपवर बोट फिरवून तो वण पुसला होता. तोच फोटो तिने फेसबुकवर टाकला. वण नसलेला सर्वेश जगात फक्त त्या एकाच फोटोत होता.

"महाराज," ती मोठ्याने म्हणाली, "माझ्या भावाच्या हनवटीवर वण होता. तो कुठे गेला?"

महाराज मंद हसले. "बाळ, देह गेला की देहाच्या खुणा जातात. मुक्त आत्म्याला कसला वण?"

"असं? वण गेला आणि टी-शर्ट राहिला?"

कोणीतरी फिसकन हसलं. देवेशने लगेच "जय छायानंद!" अशी आरोळी ठोकली, लोकांनी ती उचलून धरली, आणि दोन बायकांनी श्रुतिकाला दंडाला धरून मागे नेलं. ट्रेमधलं पाणी बाटलीत भरून देवेशने अनुपमाच्या हातात दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे, मुलाचा सहवास राहील. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मात्र बंद, कारण त्या आत्म्याला जवळ येऊ देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये श्रुतिकाने हे सगळं रीटा बॅप्टिस्टला सांगितलं. रीटा फिजिक्स शिकवायची, मालाडला राहायची, आणि तिचं तोंड कोणापुढे बंद राहत नसे. श्रुतिकाने मोबाईलवर महाराजांचं पोस्टर दाखवलं तशी रीटा उडालीच.

"अगं, हा तर श्यामकांत! आमच्या ऑर्लेमला स्टुडिओ होता याचा. चर्चमधल्या माझ्या फर्स्ट कम्युनियनचे फोटो यानेच काढलेत. डिजिटल आलं आणि याची वाट लागली. रोल धुवायला कोणी येईना, मग स्टुडिओ विकून गायब झाला. आम्हाला वाटलं, गेला असेल गावी. हा तर देव होऊन बसलाय!"

"पण फोटो मागत नाही गं तो कोणाकडे. फोटो आणू नका म्हणून बजावतो."

"नाव नोंदवताना काय घेतात?"

"मयताचं नाव. आणि आपला मोबाईल नंबर."

रीटाने कपाळावर हात मारला. "नंबर दिला की सगळं उघडं ना! डीपी, फेसबुक, सगळं. फोटो मागायची गरजच काय?"

श्रुतिकाने मोबाईल पालथा ठेवला. मग म्हणाली, "रीटा, तुझा एखादा काका मरायला हवा."

"माझे सगळे काका ठणठणीत आहेत."

"मग नसलेला मारू."

दोघींनी कॉम्प्युटरला एक माणूस बनवायला सांगितला. साठीचा, सूटबूट, गळ्यात टाय, प्रेमळ हसू. असा माणूस पृथ्वीवर कधी जन्मला नव्हता. मशीनने त्याच्या कोटाला दोन्ही बाजूंनी बटणं दिली आणि एका कानाची पाळी द्यायची विसरलं. रीटाने त्याचं नाव जेफ्री ठेवलं आणि 'मिस यू जेफ्री अंकल' असं लिहून फोटो फेसबुकवर टाकला. मग ती देवेशकडे गेली, डोळ्यांना रुमाल लावून नाव नोंदवलं. देवेश म्हणाला, "महाराजांना जातधर्म नाही. आत्मा आत्मा असतो. पुढच्या गुरुवारी या."

तो गुरुवार उजाडायच्या आतच अनुपमा आजारी पडली.

आधी तिच्या तोंडाला धातूसारखी चव येऊ लागली. मग तोंड आलं, हिरड्या सुजल्या. उलट्या आणि जुलाब सुरू झाले, लघवी कमी झाली, पाय सुजले. श्रुतिका तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"किडन्या झपाट्याने खराब होतायत. काही भस्म, काढा, गावठी औषध चालू आहे का?"

"काय पण नाय," अनुपमा म्हणाली. "तीर्थ घेतंय फक्त."

श्रुतिका तीर्थाची बाटली घेऊन तडक कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. परीक्षानळीत थोडं तीर्थ घेतलं, त्यात अ‍ॅसिडचे थेंब टाकले. पाणी दुधासारखं गढूळ झालं, पिवळट पडलं आणि काडेपेटीच्या जळक्या काडीसारखा वास सुटला. बारावीच्या पोरांकडून ती हा प्रयोग दरवर्षी करून घ्यायची. तीर्थ म्हणजे हायपो होता. फिल्मच्या जमान्यात फोटो धुवायच्या प्रत्येक डार्करूममध्ये हायपोचा ट्रे असायचा, फोटो पक्का करायला.

आता पुढचं तिला आपसूक आठवलं. जुना कृष्णधवल फोटो चांदीच्या बारीक कणांचा बनलेला असतो. तयार फोटो पाऱ्याच्या एका क्षारात बुडवला की ते काळे कण पांढरे पडतात, चित्र दिसेनासं होतं आणि कागद कोरा वाटतो. चित्र मात्र तिथेच असतं. त्यावर हायपोचं पाणी ओतलं की ते तपकिरी-काळं होऊन पुन्हा उगवतं. फोटोग्राफी नवी होती तेव्हा लोक ही गंमत एकमेकांना दाखवून हसायचे. पुढे घराघरात मोबाईल आला, डार्करूम बंद पडल्या, आणि ट्रेमध्ये चेहरा उगवताना पाहिलेली माणसं कमी होत गेली. श्यामकांतने नेमकं तेच हेरलं होतं. फेसबुकवरचा फोटो कॉम्प्युटरवर निगेटिव्ह करून पारदर्शक कागदावर छापायचा, त्यावरून फोटोच्या कागदावर प्रत काढायची, पाऱ्याने ती पांढरी करायची, आणि भर सभेत तीर्थ ओतायचं.

पाऱ्याने. श्रुतिकाने डॉक्टरांना फोन लावला. "आईच्या लघवीत पारा तपासा. आत्ताच्या आत्ता."

गुरुवारी दुपारी रिपोर्ट आला. पारा होता, आणि भरपूर होता. नीट न धुतलेल्या कागदावरून तो ट्रेमध्ये उतरत होता आणि तीर्थ म्हणून घराघरात जात होता. डॉक्टर म्हणाले, आजच अ‍ॅडमिट करा. त्यांनी पोलिसांनाही लेखी कळवलं.

अनुपमा पलंगावरून हलेना. "आज तेचा दर्शन आसा. दर्शन घेतल्याबिगर मी खंय येवचंय नाय."

"आई, ते विष आहे गं!"

"माझो झील माका विष देतलो?" अनुपमाचे डोळे पेटले. "तुका तो नको आसा. माका होयो."

श्रुतिका रिक्षा घेऊन आली. "चल. दर्शन घे आणि तिथूनच हॉस्पिटल. शब्द दे."

"दिलंय."

हॉल पुन्हा तुडुंब भरला होता. मागच्या भिंतीला टेकून साध्या कपड्यांतले एक इन्स्पेक्टर आणि एक हवालदार उभे होते. पुढच्या रांगेत रीटा काळ्या कपड्यांत बसली होती. महाराजांनी पुन्हा मोबाईलला शिव्या घातल्या, चांदीचं गुणगान केलं आणि कोरा कागद ट्रेमध्ये ठेवला.

"जेफ्री! ये बाळा, तुझी पुतणी आली आहे. दिसतोय मला. दूर प्रकाशात उभा आहे. म्हणतोय, रीटाला सांगा, मी सुखात आहे!"

तीर्थ पडलं. सावली आली. टाय, प्रेमळ हसू, दोन्ही बाजूंनी बटणं. लोकांनी जयजयकार केला.

"हेच तुमचे काका ना?" महाराजांनी विचारलं.

"दिसायला हेच," रीटा उठून म्हणाली. "पण माझा जेफ्री नावाचा काका कधीच नव्हता. हा माणूस जन्मलेलाच नाही. कॉम्प्युटरने बनवलाय मागच्या आठवड्यात. हे बघा!"

तिने मोबाईल उंच धरून मूळ चित्र दाखवलं, मग लोकांमध्ये फिरवलं. "नीट बघा, एका कानाला पाळी नाही. ट्रेमध्ये पण नाही. जो जन्मलाच नाही, त्याचा आत्मा कुठून आला हो श्यामकांत?"

स्वतःचं खरं नाव ऐकून महाराजांचा चेहरा लाल दिव्यातही पांढरा पडलेला दिसला. "नास्तिक! पाखंडी! देवेश, बाहेर काढ हिला!"

देवेश मंचाच्या मागच्या दाराकडे सरकत होता. हवालदाराने त्याची कॉलर धरली. त्याच्या काखेतली फाइल खाली पडली आणि कोरे कागद जमिनीवर पसरले. प्रत्येकाच्या मागे कोपऱ्यात, दुरून दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरात पेन्सिलने एकेक नाव लिहिलेलं. श्रुतिकाने त्यातला एक कागद उचलला.

"गुणाजी," तिने वाचलं. "यांचं कोण आलंय?"

एक म्हातारी बाई उभी राहिली. "मी. शकु. नवरा माझा."

"मावशी, हा कागद मी मंत्राशिवाय भिजवते. यात तीर्थ नाही, आमच्या प्रयोगशाळेतला हायपो आहे. चालेल?"

शकुमावशी मंचाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "घाल गं."

श्रुतिकाने कागद दुसऱ्या ताटलीत ठेवला आणि सोबत आणलेली बाटली त्यावर ओतली. हवालदाराने ट्यूबलाइट लावली. लख्ख पांढऱ्या उजेडात, कोणी काही न पुटपुटता, मिशीवाले गुणाजी कागदावर उगवले. शकुमावशींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा श्यामकांतकडे पाहिलं. श्रुतिकाने चांदी, पारा, हायपो, फेसबुक सगळं तिथेच उभं राहून सांगितलं. ज्यांनी तीर्थ घेतलंय त्यांनी उद्या सकाळी रक्त-लघवी तपासून घ्या, असं दोनदा बजावलं.

काही जण अजून पुटपुटत होते. महाराजांवर करणी केली म्हणे. तेवढ्यात गर्दीतून सुजलेले पाय ओढत अनुपमा मंचापाशी गेली.

"माझ्या झिलाच्या हनवटीवरचो वण खंय गेलो?" तिने विचारलं. आवाज अगदी शांत होता. "पाच टाके होते. मी मांडयेर घेवन बसललंय तेका. तू सांग, खंय गेलो?"

"माताजी..." एवढंच श्यामकांत म्हणाला. अनुपमा त्याच्या तोंडावर थुंकली. मग ती श्रुतिकाचा हात न धरता एकटीच बाहेर रिक्षाकडे चालत गेली.

पोलिसांनी त्याला जादूटोणाविरोधी कायद्याखाली धरलं. त्याच्या खोलीत पाऱ्याच्या क्षाराच्या बाटल्या आणि कॉम्प्युटरला लावलेला प्रिंटर सापडला. कलियुगाच्या नावाने खडे फोडणाऱ्या माणसाचं सगळं दुकान डिजिटलवरच चालत होतं. तपासणीत आणखी काही जणांच्या शरीरात पारा निघाला. एका म्हाताऱ्याला वाचवता आलं नाही.

अनुपमाला कित्येक आठवडे डायलिसिस करावं लागलं. सुरुवातीला ती लेकीशी बोलतच नसे. एकदा फक्त म्हणाली, "तू तेका दुसऱ्यांदा नेलंस." श्रुतिकाने ते ऐकून घेतलं. आईचं अगदीच खोटं नव्हतं. किडन्या हळूहळू सावरल्या, पूर्ण नाही.

घरी आल्यावर आठवड्याभरात शेजारची सपना भेटायला आली. तिच्या सासूचे गुडघे दुखत होते. भांडुपला कोणी एक बाई मंतरलेलं तेल देते, लोक लांबून येतात, गुण येतो म्हणे.

श्रुतिका तोंड उघडणार, तोच अनुपमा उशीला टेकून ताठ बसली.

"त्या बायेक विचार, बाटलयेत काय आसा," ती म्हणाली. "सांगल्यान तर डॉक्टराक दाखव. सांगूक नाय म्हटल्यान, रागावली, देवाचा नाव काढल्यान, तर समज. देव असतो तर तेका विचारलेला चलता. चोराक चलणा नाय."

सपना हळूच म्हणाली, "बाटली आणलीय मी काकू. घरी आहे."

"मगे हयसर बसलंस कित्याक?" अनुपमा म्हणाली. "जा, मोरयेत ओतून ये."