सूर्यानं घातलेला घोळ

आमच्या अप्पांना गुपित सांगायचं म्हणजे नव्या पेठेत भोंगा लावायचा. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी त्या शनिवारी नाश्ता करताना मी बोलून गेलेच, "अप्पा, चमक दिसली."

कसली चमक, ते त्यांना पाठ होतं. माझी पीएचडीच तिच्यावर अडली होती. आकाशात आपल्या आकाशगंगेसारख्या पाच दीर्घिका शेजारीशेजारी दिसतात. त्या खरंच एका समूहातल्या आहेत, की काही जवळ, काही लांब, आणि आपल्याला नुसत्या एका रेषेत दिसतात, हा माझा प्रश्न. समूह खरा असेल तर त्यांच्या मधल्या जागेत भयंकर तापलेला वायू सापडतो आणि तो क्ष-किरणांत चमकतो. हे किरण हवेतून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण अवकाशात लागते. तिच्यावर वेळ मिळावा म्हणून मी आणि माझे गाइड, म्हणजे आमचे सर, दोन वर्षं अर्ज करत होतो. अखेर वेळ मिळाला, निरीक्षणं आली, मी चित्र उघडलं, आणि पाचही दीर्घिकांभोवती छान उजेड पसरलेला.

अप्पांचं नव्या पेठेत साड्यांचं दुकान आहे. दुपारपर्यंत त्यांनी अख्ख्या ओळीत पेढे वाटले. सरांनीही सोमवारच्या पुण्यातल्या बैठकीसाठी ते चित्र मागून घेतलं.

दुपारनंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. घाईत मी निरीक्षणं साफ न करताच चित्र बघितलं होतं. सूर्याकडून येणारे कण मधूनमधून दुर्बिणीत घुसतात आणि चित्र खोटंच उजळतं, मधोमध तर जरा जास्तच. तेवढा वेळ कापून टाकायचा आणि मगच चित्र बघायचं, हे आम्हाला अगदी सुरुवातीला शिकवतात. मी म्हणजे खडे न काढताच तांदूळ शिजायला टाकले होते. आता वेळ कापला तर निम्म्याहून जास्त निरीक्षण गेलं, आणि त्याबरोबर चमकही गेली. उरलेल्यात वायू आहे की नाही, काहीच सांगता येईना.

गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सरांना फोन केला. "बैठकीतून ते चित्र काढून टाकतो. पुन्हा अर्ज करू," एवढंच ते म्हणाले. खरी भीती अप्पांची होती. पेढे काही परत घेता येत नाहीत.

दुकानात गेले तेव्हा अप्पा साडीची घडी घालत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे चमक न्हायच?"

"असेलही अप्पा. पण मी बघितली ती सूर्याची करणी होती."

"चूक कुणी धरली? सरांनी?"

"नाही, मीच."

"आन् सरांस्नी सांगितलंस?"

"सांगितलं."

अप्पांनी गल्ला बंद केला. "चल."

समोरच सिद्रामप्पांची सराफी पेढी. सकाळी त्यांनी दोनदा पेढे मागून घेतले होते. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. अप्पांनी सगळं सांगितलं तसे सिद्रामप्पा म्हणाले, "मग पेढे परत द्यायचे का काय?"

"ऱ्हाऊ द्या की. सकाळी मीच घाई केली. पर ही चूक कुणाला कळली नव्हती. हिनंच धरली, आन् हिनंच जाऊन सरांस्नी सांगितली."

सकाळी चमकेची बातमी सांगताना जो आवाज होता, तोच हा आवाज. मला वाटलं होतं, त्यांना अभिमान चमकेचा आहे.

मग आम्ही ओळीतलं एकेक दुकान घेतलं. अप्पांच्या तोंडी गोष्ट लहान राहतच नाही. शेवटच्या दुकानात तर ते सांगत होते, "साक्षात सूर्य फसवाय लागला हुता, पर आमच्या शिवानीनं पकडला की त्याला." सूर्य काही मुद्दाम फसवत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतका आनंद मला चमक दिसली तेव्हाही झाला नव्हता.

"मग आता पुढं काय?" दुकानदारानं विचारलं.

"परत अर्ज करंल," अप्पा म्हणाले. "दिसलं तर हाय म्हणंल, न्हाय दिसलं तर न्हाय म्हणंल. मला तेवढं बास हाय."