पाचवं शील

सकाळपासून विशाखा विहाराच्या फाटकापर्यंत पाच वेळा जाऊन आली होती. एकदा फुलं आली का बघायला, एकदा सतरंज्या पुरतात का बघायला, आणि तीन वेळा उगाच. जवळा बाजारच्या दवाखान्यात अठरा वर्षं नर्सचं काम केलेली बाई, रक्त बघून कधी डगमगली नाही. आज मात्र तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. त्याचं कारण अख्ख्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं, नुसतं बघत होतं. विचारलं असतं तर परवडलं असतं.

कारण म्हणजे रत्नपाल. मराठी सिनेमातला, आणि मधली पाच-सहा वर्षं हिंदीतलाही, नावाजलेला खलनायक, आणि ह्याच गावचा. त्याचा सिनेमा हिंगोलीला लागला की इथून जीप भरून माणसं जायची आणि शेवटी त्याला मार बसला की सगळ्यात जास्त शिट्ट्या हीच माणसं वाजवायची. विशाखाचा तो नवरा होता. शहाण्णव साली परभणीच्या कोर्टात दोघांची फारकत झाली. भांडण असं नव्हतंच, दारू होती. दोघांनी एकाच पेनने सह्या केल्या आणि बाहेर येऊन एकाच गाड्यावर भजी खाल्ली. त्याला आता आठ वर्षं झाली. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि तो मुंबईत आजारी पडला की हिची रजा लागायची. बायका म्हणायच्या, हिला सोडचिठ्ठी म्हणजे काय ते कळलेलंच नाही. त्यांचं काही चूक नव्हतं.

आता सिनेमे संपले होते. मागच्या महिन्यात त्याने फोनवर विचारलं, "आईच्या दोन खोल्यांत येऊन राहू का गं?" त्या खोल्या त्यानेच चांगल्या दिवसांत विहाराला दान दिलेल्या. चावी विहार समितीचे अध्यक्ष ग्यानोबा यांच्याकडे होती आणि म्हातारा सरळ बोलणारा. "नव्या विहाराच्या उद्घाटनाला येऊ दे त्याला," तो म्हणाला. "शुद्धीत उभा राह्यला तर चावी देतो. पिऊन आला तर पुन्ना ह्या गावात पाय ठिवायचा न्हाई."

"त्यांची जिम्मेदारी माझी, काका," विशाखाने सांगून टाकलं होतं.

साडेनऊला गाडी आली. रत्नपाल उतरला. पांढरा सदरा, दाढी केलेली, वजन बरंच उतरलेलं. लोकांनी गराडा घातला, जय भीम झाले. विशाखा पुढे गेली आणि तिला वेलदोड्याचा वास आला. तोंडात वेलदोडे धरायची त्याची सवय तिला चांगली ठाऊक होती आणि ते कधी धरतो तेही. हात धुवायच्या निमित्ताने तिने त्याला मागच्या नळावर नेलं.

"किती?"

"दोन घोट. शप्पथ. सत्तावीस दिवस शिवलो नव्हतो मी. अकोल्याला गाडीतून उतरलो, कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो. तिथं लोकांनी ओळखलं. खलनायकासारखं हसून दाखवा म्हणले. सहा वर्षं झाली मी हसलो न्हाई तसं. हात कापाय लागले."

"म्हून पिलात."

"व्हय."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याचं डोकं पोटाशी धरावंसंही वाटलं. वेळ दोन्हीला नव्हता. तिने त्याला तोंड धुवायला लावलं, खसखसून चूळ भरायला लावली. "ऐका. फुलं वाह्यची, हात जोडायचे, दोन शब्द बोलायचे आन खाली बसायचं. धा मिनिटं. एवढं नाटक करा. मी कुणाला सांगत न्हाई."

"तुझ्यासमोर नाटक मला कधी जमलंय का?" तो म्हणाला. तिने त्याला पुढे ढकललं.

दहा मिनिटं निभली असती. त्याने फुलं वाहिली, पाय लटपटले नाहीत. पण त्याला असं उभं बघून ग्यानोबाचंच मन भरून आलं, आणि तिथे घोटाळा झाला. माईक हातात घेऊन म्हातारा म्हणाला, "भंतेजींची जीप औंढ्याजवळ बंद पडली. मंग पंचशील आज आपला रत्नपाल म्हणंल. त्याच्यावानी आवाज कुणाचा हाय?"

माणसं उठून उभी राहिली, हात जोडले गेले. रत्नपालने माईक घेतला. जीवहिंसा करणार नाही, हे पहिलं. आवाज अजून तोच होता, भिंतींना भिडणारा. तीनशे माणसं त्याच्यामागे म्हणाली. दुसरं, तिसरं. चौथं, खोटं बोलणार नाही. विशाखानेही म्हटलं.

मग तो थांबला.

लोकांना वाटलं, विसरला. पुढच्या रांगेतल्या भागूबाईने कुजबुजून सांगितलं, "दारूचं, बाबा, दारूचं."

"म्हाईत हाय, मावशी," रत्नपाल माईकवरच म्हणाला. "चौथं आत्ताच म्हणलो. आता पाचवं म्हणलो तर चौथं मोडतं. मी सकाळी दोन घोट घेऊन आलोय. ह्यात कुणाचा दोष न्हाई. मी एकटाच."

ग्यानोबाचा चेहरा उतरला. विशाखाला गप्प राहता आलं असतं. तो तिला वाचवायलाच 'मी एकटाच' म्हणाला होता. पण चौथं तिनेही म्हटलं होतं.

"एकटे न्हाईत ते," ती बायकांतून म्हणाली. "मला नळावरच कळलं होतं. मी झाकलं."

ती माणसांतून वाट काढत पुढे गेली. लाज वाटत होती, राग येत होता, आणि ह्या माणसावर आपलं किती प्रेम आहे हे तिला इतक्या लोकांसमोर कळत होतं. तिने माईकवर हात ठेवला आणि पेशंटशी बोलावं तसं त्याला म्हणाली, "जन्माचं म्हणू नका. सांजच्या वंदनेपत्तोर म्हणा. तेवढं खरं व्हईल का?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तास मोजले. मग म्हणाला, "व्हईल." आणि पाचवं शील त्याने संध्याकाळपर्यंतचं म्हटलं. लोक आधी गोंधळले, मग त्यांनी आपापलं म्हटलं. दोन-चार पुरुषांचे आवाज जरा जास्तच बारीक निघाले.

ग्यानोबाने चावी खिशातून काढली नाही. "सांजच्याला सा वाजता वंदना हाय," तो तिरसटपणे म्हणाला. "तवा पुन्ना म्हणायचं, सकाळपत्तोरचं. मंग बघू."

विशाखाने घड्याळात पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. दुपारी ह्याला घाम येईल, हात कापतील, हा चिडेल, शिव्याही देईल. आठ वर्षं तिने काढली होती, पण सहापर्यंतचे हे तास तिला त्याहून लांब वाटले. तिने अख्ख्या गावासमोर त्याचा हात धरला आणि फाटकाबाहेर, आपल्या घराच्या दिशेने चालू लागली. कुणी काही विचारलं नाही.